२३ डाल्टन कुठे गेले? विंचवाच्या विषातले पेप्टाइड ओळखताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका आकड्याने माझे तीन आठवडे खाल्ले. लाल विंचवाच्या विषातून मी एक छोटे पेप्टाइड वेगळे केले होते. विषग्रंथीतल्या आरएनएवरून त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम हातात होता, त्यावरून वजन काढून ठेवले होते. मास स्पेक्ट्रोमीटरने सांगितलेले वजन मात्र २३ डाल्टनने कमी! कॅलिब्रेशन पुन्हा केले, नवा नमुना लावला, तरी फरक तेवढाच. म्हणजे चूक मशीनची नव्हती, माझ्या हिशेबाची होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. विंचवाचे विष हा एक पदार्थ नाही, ते मिश्रण आहे. नांगीला विजेचा हलका झटका दिला की विषाचा बारीक थेंब बाहेर येतो. तो गोठवून सुकवतात आणि पाण्यात विरघळवून एचपीएलसीच्या कॉलममधून सोडतात. अ‍ॅसिटोनायट्राइलचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले की पाण्यात सहज विरघळणारे रेणू आधी आणि तेलकट स्वभावाचे रेणू नंतर बाहेर पडतात. पडद्यावर शिखरे दिसतात. इथे नवशिक्यांची पहिली चूक होते: एक शिखर म्हणजे एक पेप्टाइड असे आपण धरून चालतो. तसे नसते. एका शिखरात दोन-तीन भावंडे लपलेली असू शकतात, म्हणून प्रत्येक शिखराचे वजन बघावेच लागते.

या विषातले दोन मोठे गट लक्षात ठेवा. साधारण ६० ते ७५ अमिनो आम्लांची लांब विषे बहुतेक सोडियम चॅनलवर काम करतात. ३० ते ४० अमिनो आम्लांची आखूड विषे मुख्यतः पोटॅशियम चॅनल अडवतात. आपल्या लाल विंचवातूनच १९९० साली मिळालेले आयबेरिओटॉक्सिन आखूड गटातले: ३७ अमिनो आम्ले, ३ डायसल्फाइड बंध. कॅल्शियमने उघडणारे एक मोठे पोटॅशियम चॅनल ते नेमके बंद करते, म्हणून चॅनलचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा आजही ते वापरतात.

आता २३ डाल्टनकडे येऊ. माझ्या पेप्टाइडमध्ये सहा सिस्टीन होते. दोन सिस्टीन एकमेकांना जोडून बंध तयार होतो तेव्हा दोन हायड्रोजन निघून जातात. म्हणजे तीन बंधांमागे सहा हायड्रोजन, सहा डाल्टन कमी. मी वजन मोकळ्या सिस्टीनचे धरले होते!

पण हे नुसते म्हणून चालत नाही, दाखवावे लागते. डीटीटीने बंध तोडा, मग आयोडोअ‍ॅसिटामाइड घाला. ते प्रत्येक मोकळ्या सिस्टीनला चिकटते. मूळ वजनाच्या तुलनेत प्रत्येक सिस्टीनमागे ५८ डाल्टन वाढतात, सहांचे ३४८. माझे तेवढेच वाढले. आणि डीटीटी न घालता हाच प्रयोग केला तेव्हा वजन जागचे हलले नाही. म्हणजे एकही सिस्टीन मोकळे नव्हते. हा दुसरा प्रयोग विसरू नका, तो नसेल तर पहिल्याला अर्थ नाही.

उरले १७. क्रमातले पहिले अमिनो आम्ल ग्लुटामिन होते. ते टोकाला असले की अमोनिया सोडून स्वतःवरच वळते आणि पायरोग्लुटामेट होते. अमोनियाचे वजन १७. एडमन पद्धतीने क्रम वाचायला गेलो तेव्हा काहीच का आले नव्हते, हेही तेव्हाच कळले. त्या पद्धतीला टोकाचा मोकळा अमिनो गट लागतो आणि इथे दारच बंद होते. आयबेरिओटॉक्सिनचे टोकही असेच बंद आहे. ते आधी वाचले असते तर तीन आठवडे वाचले असते.

"एवढ्याशा फरकाने काय बिघडते?" असे घरी आईने विचारले होते. प्रश्न रास्त आहे. सहा सिस्टीनच्या जोड्या १५ प्रकारे लागू शकतात. पहिल्याला पाच जोडीदार, उरलेल्यातल्या पहिल्याला तीन, शेवटच्याला एक: ५ × ३ × १. निसर्ग त्यातली ठरावीक एक निवडतो. या गटात ती बहुधा १-४, २-५, ३-६ अशी असते. जोडी चुकली की आकार बदलतो आणि पेप्टाइड चॅनलवर बसत नाही. बॅक्टेरियात हेच पेप्टाइड बनवायला जाल तर क्रम शंभर टक्के बरोबर येऊनही ते निकामी निघू शकते, ते याच कारणाने.

प्रतिविषाचेही तसेच. घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांना विषाचा क्रम वाचता येत नाही, त्यांना पृष्ठभागाचा आकार ओळखू येतो. कोकणात ही गोष्ट जगण्या-मरण्याची आहे. लाल विंचवाची लांब विषे सोडियम चॅनल नीट बंद होऊ देत नाहीत. मज्जातंतू अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायने ओतत राहतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन वापरून हा परिणाम रोखता येतो हे दाखवले. प्राझोसिन विषाला हात लावत नाही, रक्तवाहिन्यांवरचा परिणाम थोपवते. पुढे २०११ साली त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यावर रुग्ण लवकर बरे झाले. त्या प्रतिविषाने नेमकी कोणती पेप्टाइड पकडायला हवीत, हे सांगायचे तर आधी प्रत्येक पेप्टाइडची नीट ओळख पटायला हवी.

तेव्हा आकडा जुळला नाही तर लगेच नमुना फेकू नका. फरक कागदावर लिहा आणि स्वतःला विचारा: हे वजन कोणत्या अणूंचे आहे? सरावासाठी एक देतो. क्लोरोटॉक्सिनमध्ये आठ सिस्टीन आणि चार बंध आहेत. वजन किती घटेल आणि जोड्या किती प्रकारे लागतील? ८ आणि १०५ आले तर तुमचा हिशेब माझ्या दुसऱ्या वर्षापेक्षा बरा आहे.