स्पीकरचा स्टँड आणि जमिनीची थरथर

झाशीच्या प्रेम नगरसारख्या रेल्वेलगतच्या वस्तीत गाडीची थरथर फरशीतून स्टँडमध्ये चढते.

- स्पाइक : धातूचे टोकदार पाय. गालिच्यावर स्टँड डळमळत नाही. थरथर मात्र अडत नाही.
- रबरी पॅड : थरथर अडवतो, पण वजनाशी जुळला तरच. भाराखाली २.५ मिलिमीटर दबला, तर नैसर्गिक वारंवारता साधारण १० हर्ट्झ. तिच्या १.४१ पटीपुढे, म्हणजे सुमारे १४ हर्ट्झच्या वर, थरथर कमी होऊ लागते. १० हर्ट्झच्या आसपास उलट वाढते. फार कडक पॅड जवळजवळ निरुपयोगी.
- वाळू : स्टँडच्या पोकळ नळीत कोरडी भरावी, नळीचा खणखणाट दबतो.
- उंची : ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या रेषेत.