जव्हार-मोखाड्याचा वेळू

संस्कृत भाषेंत ‘वंश’ या एकाच शब्दाचे कुल आणि वेळू असे दोन अर्थ आहेत. एका कंदापासून बेट वाढतें आणि जुनी काठी तोडली तरी नवा कोंब येतो. हें साम्य कोणाच्याही ध्यानांत येईल. पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी इत्यादि लोक राहतात. सूप, टोपली, कणगी या रूपांनीं वेळू त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. तरीही भाताचा हंगाम सरला कीं यांतील अनेकांना वीटभट्ट्यांच्या कामासाठीं घरदार सोडावें लागतें. दारचा वेळू त्यांस घरींच पोसूं शकेल काय?

पहिली अडचण किडीची. वेळूंतील पिष्टावर भुंगेरे टपलेले असतात. अशा किड्यास संस्कृतांत घुण म्हणतात. लांकूड कोरतां कोरतां त्याच्याकडून एखादें अक्षर उमटावें, तसें अकल्पित यश म्हणजे ‘घुणाक्षरन्याय’. परंतु बाजारपेठ योगायोगावर उभी राहत नाहीं. तीन-चार वर्षांची पक्व काठी निवडून तोडणें, टांकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणांत मुरविणें आणि सावलींत सुकविणें, हें शास्त्र पाळलें तरच वस्तु टिकते.

दुसरी अडचण आकाराची. शहरांतील घरांत कणगीस जागा उरली नाहीं. तेथें दिवा, खुर्ची, तबक हवें. मुंबईच्या आय. आय. टी.तील इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरनें या दृष्टीनें वेळूचा अभ्यास केला आहे.

तिसरी अडचण कायद्याची होती. वेळू हें वस्तुतः तृण; पण १९२७ च्या वन कायद्यानें त्यास वृक्षांत गणिलें होतें. २०१७ सालीं दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला वेळू त्या व्याख्येंतून वगळला गेला. पुढें २०२३ सालीं विदर्भांत वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा वेळूचा संरक्षक कठडा उभा राहिला. पिथमपूरच्या कसोटी-केंद्रांत परीक्षा झाल्यावरच पोलादाची जागा घेण्याचा मान त्यास मिळाला.

मात्र जव्हारची काठी कच्चीच बाहेर गेली, तर मुरविण्याची व घडविण्याची मजुरीही तिच्याबरोबर जाईल, आणि गांवकऱ्याची वीटभट्टी कांहीं सुटणार नाहीं. द्रावणाची टांकी व कारागिराचें हत्यार गांवांतच पाहिजे. आपणही वेळूची वस्तु घेतांना ती मुरविलेली आहे काय हें अवश्य विचारावें. आणि तशी असल्यास सुपाच्या भावाची घासाघीस करूं नये.