शरीराचे रक्षक थकतात तेव्हा

मार्च २०२० च्या अखेरीस बुलढाणा शहरात कोरोनाचा एक रुग्ण दगावला आणि जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत चिंता पसरली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागात रुग्णसंख्या पुन्हा झपाट्याने वाढली व बुलढाण्यालाही दुसऱ्या लाटेस तोंड द्यावे लागले. एकाच घरातील दोघांना बाधा होते. एक आठवडाभरात हिंडूफिरू लागतो, दुसऱ्यास प्राणवायू द्यावा लागतो. असे का घडते? वय, मधुमेहासारखे जुने आजार ही कारणे आहेतच. परंतु उत्तराचा एक भाग रक्तातील संरक्षक पेशींत दडलेला आहे.

जागल करणाऱ्या पेशी

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी 'टी' पेशी या विषाणूने ग्रासलेल्या पेशी हुडकून नष्ट करतात. त्यांचा आवेश आवरता यावा म्हणून निसर्गाने त्यांना लगामही दिला आहे. 'पीडी-१' हे प्रथिन असाच एक लगाम होय. जपानचे शास्त्रज्ञ तासुकू होंजो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ते शोधले. या क्षेत्रातील कार्याबद्दल होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला.

विषाणू शरीरात दीर्घकाळ ठाण मांडून बसला की हा लगाम सतत ओढलेला राहतो. रात्रीमागून रात्री पिकाची जागल करणारा शेतकरी अखेर मचाणावर असूनही रानडुकरांना हुसकावू शकत नाही, तशी या पेशींची गत होते. पेशी जिवंत असतात, पण काम मंदावते. यालाच शास्त्रज्ञ पेशींचा थकवा म्हणतात.

चीनमधील वूहान येथील ५२२ कोरोना रुग्णांच्या अभ्यासात 'टी' पेशींची संख्या घटलेली आढळली. साठीपुढील व अत्यवस्थ रुग्णांत ही घट विशेष होती. काही रुग्णांच्या पेशींवर 'पीडी-१' चे प्रमाणही वाढलेले दिसले. मात्र असा लगाम दिसला म्हणजे पेशी थकलीच असे नव्हे. त्यातील अनेक पेशी कार्यक्षम असतात, असे नंतरच्या संशोधनाने दाखविले.

गावाने काय जाणावे

हा थकवा शक्तिवर्धक औषधाने वा सलाईनने दूर होत नाही. स्टिरॉइडचा वापर तर विशेष जपून व्हावयास हवा. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाही. स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दडपते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिरेक यांमुळे २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीच्या आजाराला वाव मिळाला.

१६ जानेवारी २०२१ पासून देशात सुरू झालेल्या लसीकरणाचे मर्मही येथेच आहे. लस पेशींना शत्रूची ओळख आधीच करून देते. त्यामुळे विषाणू बळावण्यापूर्वीच त्या कामाला लागतात. धाप लागताच रुग्णास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्टिरॉइड न घेणे, या दोन गोष्टी शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घरोघरी पोहोचविल्या, तर पुढच्या साथीत अनेक जीव वाचू शकतील.