शंकेचा तास

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे, तिथे त्या दिवशी आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी गावात आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे. गावोगाव हिंडून भिक्षा मागायची हा त्यांचा पिढीजात शिरस्ता. पण मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या भागातल्या मोबाइलवर आधीच पोहोचलेले होते. जमावाने या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले.

त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. रस्त्यावर मुले खेळताहेत, दुचाकीवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. प्रत्यक्षात ही फीत कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेच्या प्रचारासाठी बनवली होती. मूळ फितीत तेच दोघे परत येऊन मुलाला खाली उतरवतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापून टाकला आणि सावधगिरीची जाहिरात गुन्ह्याचा पुरावा होऊन बसली. एवढ्यासाठी मोठे तंत्रज्ञान लागले नाही. कात्री पुरली.

अफवांच्या या लाटेनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. केरळमधल्या कन्नूर जिल्ह्याने त्याच वर्षी वेगळी वाट धरली. तिथली अडचण लसीवरून सुरू झाली होती. २०१७ साली गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली, तेव्हा लस घातक असल्याचे निरोप पालकांच्या गटांवर फिरू लागले आणि बरेच पालक मुलांना लस द्यायला कचरू लागले. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या कोळिकोडमध्ये निपाह उद्भवला आणि कोंबडी खाल्ल्याने तो होतो, अशी आवई उठली. तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी दीडशेच्या आसपास सरकारी शाळांमध्ये ‘सत्यमेव जयते’ नावाचा उपक्रम सुरू केला. खोटी बातमी ओळखण्याचा चाळीस मिनिटांचा तास.

या तासात संगणक कसा चालवावा हे शिकवायचे नव्हते. निरोप कुणी लिहिला, कधीचा आहे, यातून कुणाचा फायदा होतो, वाचल्यावर राग किंवा भीती का वाटली, असे प्रश्न मुलांनी विचारायचे. आपल्याला आधीच पटलेली गोष्ट खरी मानण्याचा मोह माणसाला असतो, हेही मुलांना उदाहरणे देऊन सांगितले जाई. अपेक्षा अशी की मूल हे प्रश्न घरी नेईल आणि काकांनी पाठवलेल्या निरोपाबद्दल जेवताना चौकशी करील. आपल्याकडच्या काकांना ते कितपत रुचेल हा प्रश्न वेगळा!

पुढे केरळच्या ‘काइट’ या शालेय तंत्रज्ञान संस्थेने २०२२ मध्ये पाचवी ते दहावीच्या सुमारे १९ लाख ७२ हजार विद्यार्थ्यांना याच नावाखाली प्रशिक्षण दिले आणि २०२४ च्या नव्या पाठ्यपुस्तकांत खोटी बातमी पारखण्याचा भाग आला. एका जिल्हाधिकाऱ्याचा उपक्रम त्याच्या बदलीबरोबर संपतो, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे तो पुस्तकात शिरला, म्हणून टिकला.

महाराष्ट्रातल्या शाळा तंत्रज्ञानात मागे होत्या असे कुणी म्हणू नये. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, ते पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर आले, आणि २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाले. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब घेऊन ‘डिजिटल’ झालेल्या शाळा तर गावोगाव आहेत. मात्र या सगळ्या खटाटोपात पडदा हा धडा शिकवण्याचे साधन राहिला. पडद्यावर काय दिसते, ते कुणी आणि कशासाठी दाखवले, याचा धडा कुणाच्याच वाट्याला आला नाही.

दरम्यान मुले थांबली नव्हती. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के निघाले, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रासदायक खाते ब्लॉक कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची हे ६२ टक्क्यांना ठाऊक होते. स्वतःचे खाते खासगी कसे ठेवायचे हे जेमतेम ५५ टक्क्यांना. मुली या बाबतीत मुलांच्या मागे होत्या. फोन मुलींच्या हाती कमी वेळ येतो, आणि तो आल्यावर धोका मात्र त्यांना अधिक, हे लक्षात घेतले की हा फरक नुसता आकडा राहत नाही.

मग शिकवायचे काय? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी केलेला प्रयोग इथे उपयोगी आहे. त्यांनी इतिहासाचे दहा अभ्यासक, बातम्यांची सत्यता तपासणारे दहा जण आणि त्याच विद्यापीठाचे पंचवीस विद्यार्थी निवडले आणि त्यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने त्यांत होती. एक हजारो डॉक्टरांची जुनी संस्था, दुसरी तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. पानांचे रूप सारखेच गंभीर. विद्वान आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, बोधचिन्ह आणि संदर्भ न्याहाळत राहिले, आणि त्यांतले बरेच फसले. तपासनीस मात्र काही क्षणांतच ते पान सोडून बाहेर पडले आणि या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागले. नीट लक्ष देऊन वाच, हा शाळेचा सनातन उपदेश इथे उलटला. पाहुणा स्वतःची ओळख काय सांगतो त्यापेक्षा गावात विचारलेले बरे, असा हा व्यवहार. खेड्यातल्या माणसाला तो मुळीच नवा नाही.

त्यासाठी निराळा विषय आणि निराळे पुस्तक हवेच असे नाही. फिनलंडमध्ये हे काम सगळ्या विषयांत वाटलेले आहे. गणिताच्या तासाला आकडे फसवतात कसे, चित्रकलेत छायाचित्र बदलले की अर्थ कसा बदलतो, इतिहासात जुन्या प्रचारमोहिमा. आपल्या दहावीच्या मराठीत बातमीलेखन आणि जाहिरातलेखन कधीपासून आहे. बातमी लिहायला शिकणाऱ्या मुलाला तीच बातमी सोलायलाही शिकवणे त्याच शिक्षकाला, त्याच तासात जमण्याजोगे आहे. आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी नव्वदपासून सुरू केला तर काय दिसते, हे सातवीच्या वर्गात खडूनेही दाखवता येते. वीज गेली तरी तास होतो.

बंदीचा मार्ग मोठ्यांना सोपा वाटतो. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास कायद्याने मनाई केली आणि डिसेंबर २०२५ पासून ती लागू झाली. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक केली आहे. कागदावर हे ठीक. पण इन्स्टाग्रामची वयोमर्यादा तेरा असताना दहा वर्षांच्या मुलाचे खाते उघडताना जन्मसाल कोण बदलून देते? पुष्कळदा आई-बाबाच. इंटरनेटवरचा पहिला धडा खोटे बोलण्याचा, आणि तोही घरच्यांच्या देखरेखीखाली.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने मोठ्यांनाही नियमात ओढले, म्हणून तिथला प्रयोग लक्षात राहतो. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी गावाने ठरवले आणि तेव्हापासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक घरोघरी जाऊन पालकांना समजावत. मुलांनी फोन ठेवायचा आणि बापाने मालिका बघायची, ही सोय या नियमात नाही.

शाळांची स्वतःची वागणूकही तपासायला हवी. करोनानंतर गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर येतो, आणि त्याच गटावर मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा अशी सूचनाही येते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक गटावर मागवले जातात. स्नेहसंमेलनातल्या मुलींची छायाचित्रे कुणाला न विचारता शाळेच्या फेसबुक पानावर चढतात. शिक्षक बिचारे स्वतः पोर्टलवर माहिती भरून दमलेले, त्यामुळे हे मुद्दाम घडते असे नाही. पण खासगीपणा म्हणजे काय हे फळ्यावर लिहून दाखवणाऱ्या शाळेने आधी पालकांची लेखी परवानगी घेण्याचा साधा रिवाज पाडला, तर निम्मा पाठ तिथेच होतो.

उरलेला भाग संकटाच्या वेळेचा. कुणी छायाचित्र बदलून धमकावत असेल, तर घाबरलेले मूल पहिल्यांदा सगळे पुसून टाकते आणि घरी काही बोलत नाही, कारण सांगितले तर फोन काढून घेतील ही भीती. पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनच्या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी शाळांमध्ये जाऊन असे प्रसंग समजावून सांगतात. ताईदादांशी मुले मोकळी होतात. निरोप पुसायचे नाहीत, पडद्याचे चित्र काढून ठेवायचे, पैसे पाठवायचे नाहीत, विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सांगायचे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ती गोठवता येते. मुलांच्या मदतीसाठीचा क्रमांक १०९८. वर्गाच्या भिंतीवर सुविचारासाठी जागा असतेच. हे दोन क्रमांक त्याच्या शेजारी सहज मावतील.