लालबागचा कोंडलेला अग्नी

१८६५ सालच्या ऑक्टोबरात मुंबईत भेंडी बाजार, एस्प्लनेड आणि चर्चगेट स्ट्रीट येथील खांबांवर गॅसचे दिवे प्रथम लागले, तेव्हा खांबामागून खांब उजळीत जाणाऱ्या दिवेवाल्याच्या पाठोपाठ बघ्यांचा जमाव थक्क होऊन मूकपणे चालत होता, असे वृत्त नमूद आहे. मुहूर्त मोठा विचित्र होता. अमेरिकेतील यादवी संपताच कापसाचे भाव कोसळून जुलैच्या पहिल्याच तारखेस शेअरबाजाराचे दिवाळे वाजले होते. तेव्हा तेलवातीवाचून जळणारी ही ज्योत पाहायला लोटलेल्या त्या गर्दीत नुकतेच नागवले गेलेलेही असणारच. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले आणि १८६५ त ते स्वतः निवर्तले. एवढ्या चौकस लेखणीच्या तावडीतून हे दिवे जेमतेम दोन वर्षांनी निसटले, याची हळहळ वाटते.

मुंबईस हा प्रकाश सर्वस्वी अपरिचित होता, असे मात्र नाही. जहाजबांधणीत पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेल्या वाडिया घराण्यातील अर्देशर कर्सेटजी यांनी १८३४ च्या सुमारास आपला माझगावचा बंगला आणि बाग गॅसने उजळली होती, आणि खुद्द गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांनी ती पाहून त्यांना मानाचा पोशाख बहाल केला होता. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ ठरले. परंतु धनिकाच्या बागेतील कौतुक निराळे आणि अवघ्या शहरास रोज सायंकाळी न चुकता पुरवठा करण्याची जोखीम निराळी. ती १८६२ साली उभी राहिलेल्या बॉम्बे गॅस कंपनीने उचलली.

या कंपनीच्या लालबागच्या कारखान्यातील कृती ऐकावयास सोपी होती. दगडी कोळसा हवाबंद भट्टीत कोंडून बाहेरून तापवावयाचा. हवेअभावी तो जळत नाही, नुसता उसासे टाकतो, आणि ते उसासे नळावाटे धरून ठेवले की झाला गॅस. वस्तुतः हा गॅस प्रथम इतका गलिच्छ असतो की त्याची शुद्धी हाच कारखान्याचा निम्मा व्याप होय. निववताना त्यातील डांबर खाली बसते. पाण्याच्या फवाऱ्यात अमोनिया विरघळतो. आणि कुजक्या अंड्यांची आठवण देणारा गंधकयुक्त वायू चुन्याच्या किंवा लोहभस्माच्या थरांतून गाळून काढावा लागतो. मग शुद्ध झालेला गॅस पाण्यात पालथ्या घातलेल्या प्रचंड लोखंडी घंटेखाली साठे. घंटा दिवसभर वर चढे आणि दिवेलागणीनंतर हळूहळू खाली उतरे. भट्टीत मागे राहिलेला कोक विकला जाई. कोळशाचा तुकडाही फुकट न घालविणारा हा व्यवसाय एखाद्या काटकसरी गृहिणीस शोभावा असाच. मात्र भट्टीच्या तोंडाशी फावडे घेऊन उभे राहणाऱ्याच्या अंगाची जी लाही होई, तिचा हिशेब कोणत्या खतावणीत मांडीत असतील, हे कंपनीच जाणे.

विजेशी स्पर्धेची पहिली फेरी गॅसनेच जिंकली. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले खरे, पण ते पुरविणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅस आला. वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने शोधलेल्या जाळीच्या मँटलमुळे ज्योतीस नवे तेजही लाभले. १९०५ नंतर मात्र शहरातील ट्रामही चालविणाऱ्या वीज कंपनीच्या विजेपुढे रस्त्यावरील गॅस मागे सरत गेला.

तथापि जमिनीखालचे नळ होतेच, आणि त्यांच्यासाठी राबणारी माणसेही. गॅस थंड होताना त्यातील बाष्पाचे पाणी होते. ते साचून नळ तुंबू नयेत म्हणून नळ उताराने टाकून सखल जागी लोखंडी पात्रे बसवीत, त्यांस सायफन म्हणत, आणि त्यांतील पाणी माणसाने हातपंपाने उपसावयाचे असे. १९६३ साली या कंपनीचा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातील अर्जदारांत हे सायफनवालेही होते. औद्योगिक निवाड्याप्रमाणे निघणारी थकबाकी ते मागत होते. इतक्या विलंबाने केलेली मागणी मुदतबाह्य आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने निर्णय दिला, की अशा अर्जास विधिमंडळाने मुदत घातलेली नाही, सबब न्यायालयानेही ती घालू नये. लालबागेत गॅस कंपनी लेन हे नाव उरले आहे, आणि थकलेल्या पगाराच्या दाव्यांत हा निर्णय वकीलमंडळी आजही पुढे करतात.