नुसतं ‘आता आराम करा’ म्हणून भागत नाही
लेखमाला : उतारवयातलं स्थलांतर – लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण तरुणपणी इथे आलेल्या कामगारांबद्दल बोललो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात आकुर्डीत बजाज आणि जवळच टेल्को आली. सातारा-सांगली, कोकण, खानदेश, मराठवाडा अशा सगळीकडून पोरं आली आणि खोल्या करून राहिली. हाताला काम होतं, शेजारच्या खोलीत गाववाला होता, म्हणून ती इथे रुजली. या वेळी विषय आहे तो सत्तरीत इथे आलेल्यांचा. जोडीदार गेला किंवा नातवंड झालं, आणि मुलानं इथे आणलं, अशा आईवडिलांचा.

निलंग्याकडून आकुर्डीच्या सातव्या मजल्यावर आलेल्या एखाद्या आजीची सकाळ कशी असते? पाचला जाग येते. गावी त्या वेळेला सडा पडायचा, धार काढायची घाई असायची. इथे सगळे गाढ झोपलेले, म्हणून भांड्याचा आवाज होऊ नये याची काळजी घेत ती अंथरुणातच बसून राहते. गॅसला हात लावायचा नाही, कारण ‘आई, राहू द्या, मी करते.’ मुलगा चाकणला कंपनीच्या बसनं जातो, सून हिंजवडीला. दाराला लॅच आहे. किल्ली आत राहिली तर काय, या धास्तीनं आजी जिन्यापर्यंतही जात नाही. दुपारी गावच्या बहिणीचा फोन येतो. ‘सगळं चांगलं आहे गं, पण करमत नाही.’

मुलगा-सून मनापासून करतात, तरी करमत का नाही? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. जिवाभावाचं माणूस नसणं हा एक, आणि आपल्यासारख्या चार माणसांचा गोतावळा नसणं हा दुसरा. त्यांचं म्हणणं असं, की एकाची उणीव दुसऱ्यानं भरून निघत नाही. मुलाचं प्रेम कितीही असो, पारावरची, ओढ्यावरची, शेजारच्या ओसरीवरची माणसं त्यातून मिळत नाहीत. फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात आलेल्या सिंधी म्हाताऱ्यांचं घरदार, जमीनजुमला सगळं गेलं होतं. पण आपली भाषा बोलणारी, आपले सण पाळणारी वस्तीच्या वस्ती त्यांच्याबरोबर होती. आमच्या या आजीजवळ सगळं आहे, पण ती एकटी आली आहे.

दुसरं दुखणं मानाचं. गावात बाळंतिणीला काय द्यायचं, बी कसं राखायचं हे विचारायला लोक तिच्याकडे यायचे. इथे ती ‘बी विंगमधल्यांच्या आई’. अशा वेळी आपण म्हणतो, ‘खूप कष्ट केलेत, आता आराम करा.’ हेतू चांगला असतो, पण तिच्या हातात उरलेलं शेवटचं कामही त्यानं जातं. माझं स्पष्ट मत आहे की घरातलं एक तरी काम पूर्णपणे तिच्या हवाली करावं, पैशांसकट. भाजी तीच आणेल, भावही तीच करेल. दोडका चार रुपयांनी महाग पडला तर कुणी बोलायचं नाही. मात्र दहा-दहा तास रांगतं मूल सांभाळायला लावणं हा मान नव्हे. गुडघे दुखणाऱ्या बाईवर ती लादलेली नोकरी आहे. आणि आई थोरल्याकडे, वडील धाकट्याकडे अशी जी वाटणी काही घरांत होते, ती तर कृपा करून करू नका. पन्नास वर्षं एकत्र काढलेल्या माणसांना या वयात एकमेकांपासून तोडायचा हक्क मुलांना नाही.

गोतावळा इथेही जमतो, पण आपोआप नाही. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. वर्षभर लिफ्टला घाबरणाऱ्या आज्या त्या दिवशी खाली उतरतात आणि ‘कुठली दिंडी? कुठलं गाव?’ विचारत फिरतात. हरिपाठाचं मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र इथे हेच दर आठवड्याला होऊ शकतं. फक्त पत्ता सांगून मोकळं होऊ नका. पहिले काही दिवस बरोबर जा, दोघी-तिघींची ओळख करून द्या, मग ती स्वतःहून जाईल.

गावची वाटही उघडी ठेवा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. वल्लभनगरच्या स्थानकावर मुलानं बसवून द्यावं. परत कधी यायचं ते तिनं ठरवावं.

उदासी आणि आजार यांतला फरक मात्र ओळखायला हवा. या पिढीतली माणसं ‘मन लागत नाही’ क्वचितच म्हणतात. त्यांच्या तोंडी अंग मोडून येणं, पोटात गुबारा, झोप नसणं हेच असतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवणावरची वासना गेली, आवडीचं भजनही नकोसं झालं, ‘देवानं आता न्यावं’ असं वारंवार बोलण्यात येऊ लागलं, तर डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. कानही तपासा. ऐकू कमी येणारं माणूस बोलणं टाळतं आणि घरच्यांना ते तुसडं वाटायला लागतं. मनाच्या दुखण्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी ‘एल्डरलाइन’ १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवा, आणि एकदा आजीकडूनच लावून घ्या.

पुढच्या लेखांकात : बिहार-उत्तर प्रदेशातून चाकणला आलेल्या कामगारांचे गावी मागे राहिलेले आईवडील.