‘वावडे’ या शब्दाची व्याप्ती

‘अॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली दोन ग्रीक पदांवरून घडविला. ‘बदललेली प्रतिक्रिया’ हा त्याचा मूळ अर्थ. मराठीतील ‘वावडे’ याहून पुष्कळ सैल. वांग्याचे वावडे असते, तसे कष्टाचेही असते! म्हणूनच ‘मला पेनिसिलिनचे वावडे आहे’ या विधानाचा अर्थ लावणे ही उपचाराची पहिली पायरी ठरते. नुसती मळमळ, जुलाब, अंगावरील पुरळ, आणि श्वास कोंडून रक्तदाब कोसळणे, या सर्वांना रुग्णाच्या तोंडी तो एकच शब्द पुरतो. पैकी पहिल्या दोहोंना अॅलर्जी म्हणता येत नाही.

औषध घेतल्यावर किती वेळाने काय झाले, त्यास किती वर्षे लोटली, पुढे अॅमॉक्सिसिलिन निर्वेधपणे घेतले काय, हे विचारावयास हवे. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या कागदावर हा शेरा असतो; तपासणीअंती त्यांपैकी बहुतेकांना पेनिसिलिन सोसते. फार पूर्वीचे सौम्य पुरळ एवढाच इतिहास असल्यास देखरेखीखाली अॅमॉक्सिसिलिनची मात्रा देऊन पाहतात. तीव्र प्रतिक्रियेचा संशय असल्यास आधी त्वचापरीक्षा करतात. कातडी सोलून निघाली असेल, तर मात्र हा प्रयोग सर्वथा वर्ज्य.

गर्भवतीच्या उपदंशावर पेनिसिलिनला मान्य पर्यायच नाही. तेथे वावडे खरे ठरले तरी रुग्णालयात अत्यल्प मात्रेपासून चढत जाऊन काही तासांत तेच औषध सोसेल असे केले जाते. हे सोसणे उपचारापुरतेच टिकते.